सायकल उजव्या अंगावर पडली, दिसताहेत फक्त ओरखडे. पुढची तपासणी कशी करू?

निळी_चेन

नमस्कार मंडळी. वळणावर बारीक खडी होती, पुढचं चाक सटकलं आणि सायकल उजव्या अंगावर आडवी झाली. वेग अगदी कमी होता. तळहात टेकला, कोपर आणि मांडी खरचटली. डोकं कुठेही आपटलं नाही, हेल्मेटवर साधा चराही नाही.

फ्रेम ॲल्युमिनियमची, पुढचा चिमटा (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग) कार्बनचा, हँडल रोडबाईकचं खाली वळलेलं, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, मागे ११ गिअर. उजवा ब्रेक-शिफ्टर (ब्रेक दाबायचा आणि गिअर बदलायचा दांडा) टोकाला खरवडलाय आणि आतल्या बाजूला फिरलाय. हँडलची टेप एका जागी फाटलीय. पायडलची बाहेरची कड घासलीय आणि मागच्या डिरेलरवर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागावर) एक लांब चरा आहे. परत येताना मधल्या गिअरांवर टकटक ऐकू येत होती, चेन मध्येच शेजारच्या कॉगवर, म्हणजे दात्यांच्या चकतीवर, चढू बघत होती.

एका मेकॅनिकना दाखवली. त्यांनी केबलचा ताण थोडा वाढवला आणि "बाकी फक्त रंग गेलाय" म्हणाले. मधली टकटक थांबली, पण आता ती मोठ्या कॉगवर सुरू झालीय. रंगाचं मला काही वाटत नाही. याच सायकलवरून उतारावर जोरात जायचं असतं, तेव्हा आतून काही दुखावलंय का हे मला स्वतःला कळायला हवं. कुठून सुरुवात करू? ॲलन कीचा संच आणि छोटा टॉर्क रेंच (स्क्रू किती जोराने आवळला ते मोजणारा पाना) माझ्याकडे आहे.

चक्रधर

सगळ्यात आधी एक कळकळीची विनंती. हँगर तपासून होईपर्यंत सर्वात मोठ्या कॉगवर, म्हणजे चढाच्या शेवटच्या गिअरवर, अजिबात जाऊ नका.

मागचा डिरेलर बहुतेक सायकलींत थेट फ्रेमला लावलेला नसतो. मध्ये ॲल्युमिनियमचा एक छोटा तुकडा असतो, तोच हँगर. तो मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे मार बसला की तो वाकतो आणि फ्रेम वाचते. सायकल उजव्या अंगावर पडली की तो आत, चाकाच्या दिशेने वाकतो आणि त्याच्याबरोबर डिरेलरही आत जातो. डिरेलर किती आत जाईल हे ठरवणारा लिमिट स्क्रू मात्र जुन्याच मापावर असतो. त्यामुळे मोठ्या कॉगवर टाकताच डिरेलरचा पिंजरा (चेन धरणारा खालचा भाग) चाकाच्या आऱ्यांत अडकू शकतो. चालत्या सायकलवर तसं झालं तर डिरेलर आणि आरे दोन्ही जातात, मागचं चाक जाम होतं, कधी फ्रेमचं टोकही फाटतं. पडताना न झालेलं नुकसान नंतरच्या एका गिअरबदलात होतं.

तुमची टकटक केबलची वाटत नाही. केबल डिरेलरला डावी-उजवीकडे सरकवते, त्याचा कोन बदलत नाही. ११ गिअरच्या कॅसेटमध्ये (मागच्या कॉगच्या जुडग्यात) एका कॉगपासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर ४ मि.मी.हूनही कमी असतं. हँगर तिरका झाला की काही कॉगवर चेन नीट बसते, काहींवर नाही. ताण बदलला की आवाज इकडून तिकडे जातो, एवढंच. तुम्ही नेमकं हेच लिहिलंय.

रानवाट

चक्रधर यांना +१.

घरच्या घरी बघायची पद्धत: चेन मधल्या कॉगवर ठेवा, सायकलच्या मागे खाली बसा आणि डोळे कॅसेटच्या उंचीला आणा. डिरेलरच्या दोन छोट्या चक्र्या, वरची आणि खालची, त्या कॉगच्या सरळ रेषेत दिसायला हव्यात. खालची चक्री आऱ्यांकडे झुकलेली दिसली तर हँगर आत वाकलाय. मग उभं राहून वरून बघा. पिंजरा कॉगला समांतर हवा. वरून तिरका दिसला तर हँगर पिळलाही गेलाय, आणि हे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं.

कधी कधी हँगर सरळ असतो आणि पिंजराच वाकलेला असतो. म्हणून डिरेलर जिथे स्क्रूने बसतो ती बैठकसुद्धा नीट न्याहाळा. फोटो काढलात तर भिंग अगदी पाठीमागे, मधोमध ठेवा. जरा बाजूने काढला तर सरळ हँगरही वाकडा दिसतो.

जुना_पाना

निळी_चेन ताई, तुमची शंका योग्य आहे. माझं सगळं आयुष्य सायकली दुरुस्त करण्यात गेलंय. पडलेली सायकल समोर आली की मी आधी एवढंच शोधतो: मार आत शिरला कुठून आणि जाऊन बसला कुठे. ओरखडा ही शिरण्याची जागा. तिथे सहसा रंग आणि रबर यांपलीकडे काही गेलेलं नसतं. धक्का पुढे सरकतो आणि जिथे एका भागाने दुसऱ्याला घट्ट पकडलंय त्या जोडावर बसतो. म्हणून ओरखडा बघायचा, आणि मग त्या भागाला कोणी धरून ठेवलंय तिकडे जायचं.

तुमच्या शिफ्टरचा मार त्याला हँडलवर आवळणाऱ्या पट्टीतून हँडलवर गेला, हँडलमधून स्टेमवर (हँडल धरणाऱ्या जोडावर), स्टेममधून चिमट्याच्या दांड्यावर. पायडलचा मार पायडलच्या आसावर आणि क्रँकवर, म्हणजे पायडल बसतो त्या दांड्यावर. डिरेलरचा हँगरवर. चौथी जागा तुम्ही लिहिलेली नाही, पण सीटची उजवी मागची कड बघा. आडव्या सायकलीत तीही जमिनीला लागते आणि तिचा मार सीटखालच्या दोन सळ्यांवर नि सीटपोस्टच्या पकडीवर जातो.

तपासणी पुढून सुरू करा. मागचं काही बिघडलं तर बहुतेक वेळा सायकल थांबते. पुढचं तुटलं तर माणूस तोंडावर जातो.

पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरा आणि वरून बघा, हँडल चाकाला काटकोनात आहे का. फिरलं असेल तर घाबरू नका. पकड सरकली म्हणजे धक्क्याचा बराचसा जोर तिथे जिरला. पण ते झटका देऊन जागेवर आणू नका. स्टेमच्या बाजूचे स्क्रू सैल करा, सरळ करा आणि स्टेमवर छापलेल्या टॉर्कपर्यंतच आवळा. बहुतेक स्टेमवर तो आकडा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. नंतर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटवर (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगवर) ठेवा. बोटांना खट्ट जाणवलं तर हेडसेट सैल झालाय.

आता हँडल, आणि इथे घाई नको. टेप फाटलीच आहे, ती पूर्ण काढा. शिफ्टरचं रबर मागे उलटवा, पट्टीचा स्क्रू सैल करा आणि शिफ्टर बोटभर खाली सरकवा. पट्टी जिथे आवळलेली होती ती जागा ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा आणि तिरप्या उजेडात बघा. विजेरी वरून धरली तर काही दिसणार नाही. ती हँडलला जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे बारीकशी रेघही सावली टाकते. तिच्यावर नख आडवं फिरवा. नख सरकून गेलं तर ठीक. नख अडकलं, तर ती खाच आहे. स्टेमच्या तोंडापाशीही असंच बघा.

हँडल वाकलंय का हे डोळ्याला लगेच कळत नाही. हँडलच्या दोन्ही टोकांपासून सीटपोस्टच्या मध्यापर्यंत दोरी धरून माप घ्या. आधी चाक आणि स्टेम सरळ असल्याची खात्री करा, नाहीतर माप फसवं येईल.

ॲल्युमिनियमचं हँडल वाकलं असेल तर ते कुणालाही सरळ करून देऊ देऊ नका. कार्बनचं असतं तर हा प्रश्नच नव्हता, ते वाकत नाही, तडकतं.

ब्रेकचा दांडा जोरात दाबून पूर्ण मिनिटभर धरा. हळूहळू हँडलकडे जात राहिला किंवा जोडावर तेलाचा ओलावा दिसला तर सायकल बाहेर काढू नका. शिफ्टर फिरला की तेलाची नळी ताणली जाते, आणि दांड्याच्या टोकाकडचा जोड तेव्हा दुखावू शकतो. दांडा नुसता मऊ लागला तर कुठूनतरी हवा गेली असेल, ब्रेक ब्लीड करावा, म्हणजे तेलातली हवा काढावी लागेल.

पायडल, चाकं वगैरे बाकीचे सांगतीलच.

धावती_तार

चाकांचं मी सांगते. डिस्क ब्रेकच्या सायकलीत रिमजवळ ब्रेकचे रबर नसतात, त्यामुळे चाक आउट झालंय का ते चटकन दिसत नाही. साधी युक्ती: चिमट्याच्या एका पायाला प्लास्टिकची केबल टाय बांधा, तिचं टोक रिमच्या कडेपासून कागद जाईल इतकंच दूर राहील असं कापा आणि चाक सावकाश फिरवा. टोकाला रिम कुठे घासते, कुठे लांब जाते ते लगेच कळतं. मागे हीच टाय चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला) बांधा. मिलिमीटरभर डुलणारं चाक आऱ्यांच्या टोकाच्या निपलांना (छोट्या नटांना) पाव-पाव फेरा देऊन सरळ होतं. मात्र निपल फिरवण्याआधी चाक काढून पुन्हा नीट बसवा. पडल्यावर ॲक्सल जरा सरकून चाक तिरकं बसलेलं असतं आणि दोष रिमवर जातो.

मग लागोपाठचे दोन-दोन आरे बोटांत धरून दाबत पूर्ण फेरी मारा. एखादी जोडी लिबलिबीत लागली तर तिथे थांबा. मागच्या चाकात उजवे आरे डाव्यांपेक्षा जास्त ताणलेले असतात, म्हणून तुलना नेहमी त्याच बाजूच्या आऱ्यांशी करा. आणि चेन कधी कॅसेटच्या पलीकडे पडली असेल तर तिकडच्या आऱ्यांना कोपऱ्यात कापल्यासारख्या खुणा असतील, त्याही शोधा.

डिस्कला हात लावू नका, बोटांचं तेलकटपण पॅडवर जातं. मागे पांढरा कागद धरून डिस्क आणि पॅड यांच्यातली फट बघा. फट एकाच जागी बंद होत असेल तर डिस्क वाकलीय.

टायरची उजवी भिंत हवा भरलेली असतानाच बघा. आतले धागे दिसत असतील तर टायर बदला.

सपाट_रस्ता

मंडळी, राग मानू नका, पण वेग कमी होता, सायकल आडवी झाली, एवढंच. अशा पडलेल्या सायकली लोक वर्षानुवर्षं चालवतात. हँगर बदला आणि चालवायला लागा. टेप काढून हँडलला नख लावत बसलं तर नवख्या माणसाला प्रत्येक ओरखडा भेग वाटायला लागेल. मला वाटतं यातून सायकल चालवणाऱ्यांची भीतीच वाढते.

जुना_पाना

सपाट_रस्ता, राग कसला. तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. अशा पडण्यात दहापैकी बहुतेक सायकलींना हँगर आणि टेप यापलीकडे काही लागत नाही. म्हणूनच मी फ्रेमबद्दल अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. पण "बहुतेक" कोणत्या आणि उरलेल्या कोणत्या हे ओरखड्यावरून ठरत नाही. टेप काढून बघण्यात एक संध्याकाळ जाते. आणि एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पुढचा उतार निवांत मनाने उतरता येतो. भीती न बघितल्याने राहते.

धातुवेध

हँडलच्या खाचेबद्दल इतका आग्रह का, हे धातूच्या बाजूने सांगतो.

पोलादाची एक मर्यादा असते. तिच्याखालचे ताण कितीही वेळा आले तरी सहसा तडा जात नाही. ॲल्युमिनियमला अशी ठळक मर्यादा नाही. लहान लहान धक्केही जमा होत जातात आणि पुरेसे झाले की कुठूनतरी तडा सुरू होतो. तो सुरू व्हायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे खाच, कारण ताण तिच्या तळाशी एकवटतो. हँडलवर पट्टीची कड किंवा स्टेमचं तोंड येतं तिथे वाकवणारा जोर आधीच जास्त असतो. नेमक्या त्याच जागी खाच पडली तर दोन्ही गोष्टी एकत्र येतात. पडण्याच्या दिवशी हँडल शाबूत असतं आणि कितीतरी महिन्यांनी, काहीही झालेलं नसताना, एखाद्या खड्ड्यावर तुटतं. तेव्हा जुनं पडणं कुणाच्या लक्षातही नसतं.

वाकलेलं ॲल्युमिनियम सरळ करू नये हेही त्यामुळेच. वाकताना धातूची बरीच लवचिकता खर्च झालेली असते, उलट वाकवताना उरलेली जाते. हँगर त्याला अपवाद धरतात, कारण तो तुटला तर माणूस पडत नाही. थोडा वाकलेला हँगर एकदा सरळ केला तर चालून जातं. पुन्हा पुन्हा नाही.

मधल्या भागातली रंगापुरती रेघ वेगळी आणि पकडीच्या कडेची आडवी खाच वेगळी. पहिलीसाठी हँडल टाकू नका.

शुश्रूषा

सायकलचं सगळे सांगताहेत, मी माणसाचं विचारते. निळी_चेन, तळहात टेकला म्हणालात. अंगठा ताणून बाहेर काढला की मनगटाजवळ, अंगठ्याच्या मुळाशी एक खोलगट जागा दिसते. ती दाबून बघा. तिथे दुखत असेल तर मुरगळलंय म्हणून सोडून देऊ नका. स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड तिथे असतं, आधार घ्यायला हात टेकला की ते मोडू शकतं. पहिल्या एक्स-रेमध्ये हा मोड कधी कधी दिसत नाही, म्हणून दुखणं राहिलं तर डॉक्टर दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात. त्या हाडाला रक्तपुरवठा बेताचाच असतो, दुर्लक्ष झालं तर ते नीट जुळत नाही.

ज्यांचं डोकं आपटलंय त्यांनी उलटी, वाढती डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं, जास्त झोप येणं यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठावं. सायकल थांबू शकते.

निळी_चेन

शुश्रूषा, मनापासून आभार. तिथे दुखत नाही, तळहाताची फक्त साल गेलीय.

सगळ्यांनी सांगितल्याप्रमाणे बसले. हँगर: खालची चक्री स्पष्टपणे आत झुकलीय, वरून पाहिलं तर पिंजराही किंचित तिरका. चाकं केबल टायने तपासली, पुढचं अगदी सरळ, मागचं जेमतेम डुलतंय. डिस्क ठीक. ब्रेकचा दांडा मिनिटभर धरला, हलला नाही, ओलावा नाही. स्टेम थोडं फिरलं होतं, ते सैल करून सरळ केलं. सीटच्या सळ्या ठीक आहेत, पण सीटचं नाक डावीकडे गेलं होतं.

पायडल क्रँकवर हाताने फिरवला तर आस अगदी बारीक डोलतो. पण चालवताना पायाला काही जाणवलं नव्हतं. हे पायडलचं की क्रँकचं?

आणि हँडल. पट्टीखाली, खालच्या कडेला अर्धगोल रेघ आहे. जुना_पाना काकांनी सांगितलं तसा उजेड तिरपा धरला तेव्हाच दिसली, आधी मला ती घाणीची रेघ वाटली होती. नख अडकतं. दोनदा-तीनदा फिरवून बघितलं, प्रत्येक वेळी त्याच जागी अडकतं.

जुना_पाना

ताई, ते हँडल बदला. शिफ्टर फिरताना पट्टीच्या कडेने ती खाच पाडली आहे. उतरणीवर तुमचे दोन्ही हात नेमके तिथेच असतात. नवं हँडल त्याच रुंदीचं आणि स्टेमच्या तोंडाशी त्याच व्यासाचं घ्या. बरीचशी हल्लीची ३१.८ मि.मी.ची असतात, तरी कोरलेला आकडा वाचूनच घ्या. जुनं हँडल फेकताना करवतीने दोन तुकडे करा, म्हणजे ते उचलून कुणी वापरणार नाही.

पायडल: आसाचं टोक डोळ्यासमोर धरून पायडल बोटाने गरगर फिरवा, क्रँक स्थिर ठेवून. पायडलचं शरीर वर्तुळात डुललं तर आस वाकलाय. पायडल स्थिर पण क्रँक फिरवताना त्याची पातळी बदलत असेल तर क्रँक किंवा त्यातले आटे दुखावलेत. खात्री करायला पायडल काढून दुसरा लावून बघा. डोलणं गेलं तर दोष पायडलचाच. काढताना आठवण ठेवा, उजवा पायडल नेहमीसारखा डावीकडे फिरवून सुटतो, डाव्याचे आटे उलटे असतात. लावताना आट्यांना ग्रीस.

चक्रधर

हँगरबद्दल थोडं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांना वेगवेगळे हँगर लागतात. तुमचा काढून त्याचा आकार, भोकांची जागा आणि मागे काही आकडा असेल तर तो जुळवूनच नवा घ्या. २०१९मध्ये स्रॅमने यूडीएच नावाचा एक समान हँगर आणला, बऱ्याच नव्या फ्रेममध्ये तो बसतो, पण फ्रेम त्याच्यासाठीच बनलेली असावी लागते.

नवा हँगर लावला म्हणजे तो सरळच, असं धरून चालू नका. फ्रेमची बैठक रंगाने किंवा मातीने जाड झालेली असते. मापाचं हत्यार, पार्क टूलचं डॅग-२ किंवा तसलंच दुसरं, हँगरच्या आट्यांत बसतं. ते आटे १० मि.मी. व्यासाचे, १ मि.मी. पिचचे असतात. हत्याराचा दांडा रिमपर्यंत न्यायचा आणि घड्याळातल्या बारा, तीन, सहा, नऊच्या जागी अंतर बघायचं. प्रत्येक वेळी चाक फिरवून रिमचा तोच बिंदू दांड्यासमोर आणायचा, व्हॉल्व्हजवळचा धरला तर सोपं जातं. मग रिम थोडी डुलत असली तरी माप बिघडत नाही. हे काम हत्यार असणाऱ्याकडूनच करून घ्या, आणि करताना शेजारी उभ्या राहा.

त्यानंतरच लिमिट स्क्रू आणि केबल. उलट क्रमाने केलं तर सगळं दोनदा करावं लागतं.

कार्बनी

चिमट्याबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून. तुमचं पडणं बाजूचं होतं, समोरून धडक नव्हती, त्यामुळे चिमट्याला मार लागल्याची शक्यता कमी. तरी पुढचं चाक काढून दोन्ही पाय, मुकुटाचा (दोन्ही पाय जुळतात तो) भाग आणि चाक बसतं ती टोकं पुसून बघा. सुती फडकं किंवा कापसाचा बोळा फिरवा, धागा अडकला तिथे थांबा. रंगाच्या खालून आलेली पांढुरकी रेघ, दाबल्यावर मऊ लागणारी जागा, यांपैकी काही दिसलं तर चालवणं बंद.

नाण्याने टकटक करून ऐकायची पद्धत सगळ्यांना माहीत असते. निरोगी कार्बनचा आवाज टणटणीत, थर सुटलेल्या जागी बोदा. पण नळीची जाडी बदलते तिथेही आवाज बदलतो. म्हणून डावा पाय आणि उजवा पाय यांच्या त्याच उंचीच्या जागांची तुलना करा, वरचा-खालचा आवाज जुळवू नका. शंका राहिली तर अल्ट्रासाउंडने तपासणारे कार्बन दुरुस्तीवाले असतात. चिमट्याच्या बाबतीत शंका घेऊन सायकल चालवू नये.

समोरून धडक बसली असती तर आणखी एक जागा बघायला सांगितली असती: हेडट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीच्या) लगेच मागे, डाउनट्यूबच्या (तिथून खाली जाणाऱ्या नळीच्या) पोटाखाली. रंगाला आडव्या सुरकुत्या पडलेल्या असतील तर फ्रेम चेपली गेलीय. हात फिरवला तर डोळ्याआधी बोटांना कळतं.

दोन_पायडल

धागा वाचनखुणांत साठवला. इलेक्ट्रॉनिक गिअरवाल्यांसाठी एक भर: पडल्यावर मागचा डिरेलर अजिबात हलत नसेल तर तो मोडलाच असं समजू नका. जोराचा धक्का बसला की मोटर आणि डिरेलर यांच्यातला दुवा मुद्दाम सुटतो. शिमानोच्या जुन्या वायरवाल्या डीआय-टू संचात जंक्शनवरचं (वायरी जुळतात त्या डबीवरचं) बटण लाल दिवा लागेपर्यंत दाबून धरायचं आणि मग पायडल फिरवायचे, तो दुवा पुन्हा जुळतो. पण हँगर आधी बघा. वाकलेल्या हँगरवर जुळलेला डिरेलर तितकाच आऱ्यांत जाईल.

पहाटवारा

माझ्या मुलाची पोलादी सायकल आहे, तो पडला तेव्हा हेल्मेट आपटलं, पण बाहेरून काहीच दिसत नाही. आणि घरातली दुसरी सायकल बॅटरीची आहे. त्यांना हेच नियम?

धातुवेध

हेल्मेट बदला. आतला पांढरा फोम चेपून धक्का शोषतो आणि पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. वरचं कवच शाबूत असलं तरी आत जागा चेपलेली असू शकते.

पोलादी फ्रेम थोडी वाकली असेल तर जाणकार हाताने सरळ होते, मात्र घडी पडलेली नळी आणि वाकलेला चिमटा नाही. फ्रेम सरळ आहे का ते दोरीने कळतं. फ्रेमच्या मागच्या एका टोकाला, चाक बसतं तिथे, दोरी बांधा, हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या टोकाला ताणून आणा, आणि सीटट्यूबपासून (सीटखालच्या उभ्या नळीपासून) दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. जास्त फरक आला तर मागचा त्रिकोण एका बाजूला गेलाय.

बॅटरीचं कवच तडकलं असेल, ती फुगलेली, गरम किंवा वास येणारी असेल तर चार्जिंगला लावू नका आणि घरात ठेवू नका. उत्पादकाच्या सेवा केंद्राला विचारा.

निळी_चेन

हँडल नवं आणलं. खाच बघायला सपाट_रस्ता यांना फोटो पाठवला होता, त्यांनीही बदलायलाच सांगितलं. पायडल दुसरा लावला तर डोलणं बंद, म्हणजे क्रँक वाचला. हँगर मापून सरळ बसवून घेतला, गिअर आता एकेक करून शांतपणे बदलतात. मागचं चाक धावती_तार यांनी सांगितल्याप्रमाणे पाव-पाव फेऱ्यांत सरळ झालं. चिमटा फडक्याने पूर्ण तपासला, काही सापडलं नाही.

एक राहिलं: शिफ्टरची पट्टी किती आवळू? यावेळी ती फिरली म्हणून खाच पडली, तर आता अजून घट्ट करावी का?

जुना_पाना

उलट. शिफ्टरच्या पुस्तिकेत टॉर्कचा जो पल्ला दिलाय त्याच्या खालच्या बाजूला ठेवा. ब्रेकवर पूर्ण भार देऊन दाबलं तर जागचा हलू नये, पण बाजूने जोराचा मार बसला तर फिरावा. फिरला नसता तर तो जोर थेट दांड्यावर किंवा हँडलवर गेला असता. पट्टीची कड हाताला धारदार लागत असेल तर बारीक पॉलिश पेपरने ती मोडा आणि नव्या हँडलवर बसवण्याआधी खडीचा कणही राहू देऊ नका. कण आत अडकला तर आवळतानाच ओरखडा पडतो.

टेप गुंडाळल्यावर हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं नक्की लावा. पडताना उजवं निघालं असेल तर नवं घ्या. उघडी नळी मांडीत किंवा पोटात घुसू शकते. आणि पहिली फेरी छोटी, सपाट रस्त्यावर. परत आल्यावर स्टेमचे आणि पट्टीचे स्क्रू पुन्हा एकदा टॉर्क रेंचने बघा, नवं हँडल बसताना ते थोडे सैल पडतात.